झेल्याच्या खेळासाठी एक पत्र

माननीय युवा सबलीकरण व क्रीडा मंत्री, कर्नाटक सरकार, यांस
सादर नमस्कार.

साहेब, कन्नड प्रत आपल्या खात्याकडे वेगळी धाडली आहे. हे मराठी पत्र आमच्या गावच्या आईबापांनाही वाचता यावं म्हणून.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये पीटी शिकवतो. गेल्या वर्षी आठवीच्या मुलींना मोबाईलवर लॅक्रॉसचा, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळाचा, सामना दाखवला. काठीच्या टोकाची जाळी बघून एकजण ओरडली, "सर, हा तर आंबे उतरायचा झेला!" दुसऱ्या दिवशी ती घरचा झेला घेऊन हजर. आम्ही बांबू कमरेएवढा कापला, वेताची कडी तशीच ठेवली, जाळी सुतळीने घट्ट विणून घेतली आणि टेनिसचा चेंडू टाकला. दोन दिवस चेंडू जाळीत ठरेना. धावलं की पडायचा. मग एकीला मेख कळली: मनगट सतत हलतं ठेवायचं, बाळाला झोका द्यावा तसं. या हालचालीला त्या खेळात क्रेडलिंग म्हणतात, म्हणजे पाळणा हलवणंच, हे मी तिला नंतर सांगितलं.

आमच्या जुगाडाला कुणी हसू नये. हा खेळ मुळात उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा. त्यांची काठीही वाकवलेल्या लाकडाची आणि चामड्याच्या पट्ट्यांची असे. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याला पदकं होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं, तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी तो परत घेतला गेला. त्याच बैठकीत क्रिकेटही आलं, म्हणून आपल्याकडे गवगवा क्रिकेटचाच झाला. ऑलिंपिकमध्ये छोटा प्रकार असेल: सहा-सहा खेळाडू, आठ मिनिटांचे चार भाग, मैदान ७० बाय ३६ मीटर. एवढी जागा आमच्या तांबड्या मातीत निघते.

साहेब, या खेळात आपल्याकडे अजून फार गर्दी नाही. क्रिकेटमध्ये आमचं पोर उभं राहीपर्यंत शहरातलं पोर चार कोच बदलून झालेलं असतं. अनोळखी खेळाचं तसं नसतं. कुराश या कुस्तीसारख्या खेळाचं नाव बेळगावात किती जणांनी ऐकलं होतं? तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यातच कांस्य मिळवलं.

भीती एवढीच की लॅक्रॉस उद्या भरमसाट फी घेणाऱ्या शाळांच्या माहितीपत्रकात जाऊन बसेल. पुरुषांच्या खेळाला हेल्मेट, हातमोजे, खांद्याचे पॅड लागतात. तो खर्च आम्हाला झेपणारा नाही. मुलींच्या खेळात मैदानावरच्या खेळाडूंना काठीशिवाय मुख्यतः डोळे वाचवणारा चष्मा आणि दातांचं कवच पुरतं. म्हणून सुरुवात मुलींपासून करा, असं माझं स्पष्ट मत आहे. काठ्या शाळेशाळेला वाटू नका, कपाटात कुलूपबंद होतील. तालुक्याला एक संच ठेवा आणि वाचनालयातल्या पुस्तकासारखा फिरवा. लहान पटाच्या शाळांत पीटीचा मास्तरच नसतो, तिथे वर्गशिक्षकांना चार दिवसांचं प्रशिक्षण द्या. ते मराठी, कन्नड आणि उर्दूतही असू द्या. चेंडूला भाषा कळत नाही, पण नियमांची पुस्तिका कळावी लागते.

आणि आरंभशूरपणा नको. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी मुलांसाठी १९८० च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने खास योजना काढली होती. मुलं राष्ट्रीय स्पर्धांत चमकली, आणि काही वर्षांत योजनाच गुंडाळली गेली. खेळात रमलेलं पोर मध्येच सोडण्यापेक्षा त्याला न बोलावलेलं बरं. सिद्दी आणि गवळी धनगरांच्या वाड्यांवरची मुलं आजही शाळेसाठी मैलोन्‌मैल चालतात; पळण्याचा दम त्यांना कुणी शिकवायला नको.

आता बसचं. शक्ती योजनेमुळे २०२३ पासून मुलींना तिकीट लागत नाही, याबद्दल आपल्या सरकारचे मनापासून आभार. पण सरावाला थांबलेल्या मुलीला फुकटच्या तिकिटापेक्षा वेळेवरची बस हवी. जंगलाकडच्या गावातली माझी सर्वांत चपळ मुलगी रोज शेवटच्या तासाला दप्तर पाठीवर अडकवून खेळते. बसचा हॉर्न ऐकू आला की झेला माझ्याकडे फेकून पळते. त्यानंतरची गाडी वस्तीची, अंधार पडल्यावर येणारी. तिच्या वडिलांनी मला विचारलं, "सर, ह्या खेळाचं पुढं काय हाय?" मी ऑलिंपिकचं सांगितलं. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, तालुक्याला स्पर्धा हाय काय?" नाही. शालेय स्पर्धांच्या यादीत हा खेळ आला, बेळगावच्या क्रीडा वसतिगृहात त्याच्या चार-सहा जागा निघाल्या, तर मला त्यांना उत्तर देता येईल.

हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात याल. आमची शाळा तिथून फार लांब नाही. दुपारी चारच्या आत या, म्हणजे ती मुलगीही भेटेल. झेले पाच आहेत. चेंडू एकच आहे. तो कुंपणापलीकडच्या झुडपात गेला की आमचा तास संपतो.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक पीटी मास्तर