६१ला अवघड कोणी केलं?

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "माणसांनीच बनवलंय ना गणित? मग इतकं अवघड कशाला बनवलं?" तुला अभ्यासाला बसायचं होतं म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. पण हा प्रश्न 'परीक्षा झाल्यावर बघू' म्हणून बाजूला ठेवण्यातला नाही. मोठमोठे गणितज्ञ त्यावर आजही दोन्ही बाजूंनी भांडतात. कुणी म्हणतं गणित आधीपासूनच आहे, आपल्याला ते फक्त सापडतं. कुणी म्हणतं ती माणसाच्या डोक्यातली रचना आहे. मला काय वाटतं ते सविस्तर लिहिते.

तू बुद्धिबळाचं उदाहरण दिलंस. घोडा अडीच घरं चालतो, कारण कुणीतरी तसं ठरवलं. गणिताचे नियमही तसेच. उदाहरण चांगलं आहे, तेच पुढे नेऊ. पाच बाय पाचचा छोटा पट घे. घोड्याने प्रत्येक घरात एकदाच जायचं आणि शेवटच्या उडीत निघाल्या घरी परत यायचं. कितीही प्रयत्न कर, जमणार नाही. घोडा दर उडीला रंग बदलतो, काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर. निघाल्या घरी परतायचं तर उड्यांची संख्या समच हवी. घरं आहेत २५, म्हणजे उड्याही २५. संपला विषय.

आता सांग, हे कुणी ठरवलं? घोड्याची चाल माणसाने ठरवली, हे कबूल. पण पाच बाय पाचच्या पटावर अशी फेरी होणार नाही हा नियम कुणीही केलेला नाही, आणि कुणी वटहुकूम काढला म्हणून तो मोडणारही नाही. चाल ठरली त्याच क्षणी हेही ठरून गेलं, ठरवणाऱ्याला कल्पना असो वा नसो. माझं सगळं म्हणणं याभोवतीच आहे. नियम आपण निवडतो. त्यांतून काय निघेल ते मात्र आपल्या हातात राहत नाही.

तुझ्या 'अवघड कशाला बनवलं'चं उत्तरही इथेच आहे. एक कोडं घे. अशी पूर्ण संख्या शोधायची की तिच्या वर्गाला ६०ने गुणून १ मिळवला की पूर्ण वर्ग यावा. सोपं आहे: ४चा वर्ग १६, गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, आणि हा ३१चा वर्ग. ६०च्या जागी ६२ घेतलंस तर ८ चालतात: ६४ गुणिले ६२, अधिक १, बरोबर ३९६९, म्हणजे ६३चा वर्ग. दोन्ही उत्तरं पाच-दहा मिनिटांत सापडतात. आता मधला ६१ घे. शून्य सोडलं तर चालणारी सगळ्यांत लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०. तिच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो. याहून लहान एकही संख्या चालत नाही.

हे उत्तर भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'बीजगणित' या ग्रंथात दिलं, चक्रवाल पद्धतीने, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करत उत्तराकडे जाण्याच्या रीतीने, हाताने आकडेमोड करून. पुढे १६५७मध्ये फ्रान्समध्ये फर्माने हेच कोडं समकालीन गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकलं आणि नमुन्यादाखल जे आकडे दिले त्यांत नेमका ६१ होता. भास्कराचार्यांचं त्याला काही माहीत नव्हतं. त्या ग्रंथाचा कोलब्रुकने केलेला इंग्रजी अनुवादच १८१७चा. पाचशे वर्षांचं अंतर, वेगळी भाषा, वेगळी चिन्हं, वेगळी रीत, तरी खोड्याळ आकडा तोच आणि उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच. ही रचना कुणा माणसाची असती, तर ६० आणि ६२ इतके सरळ ठेवून मधल्या ६१ला त्याने असं कशाला केलं असतं? ६१ला कोणीही अवघड केलेलं नाही, सायली. तो तसा आहे.

यावर तू म्हणशील, हे नुसत्या आकड्यांचं झालं; नवीन कल्पना तर माणूसच रचतो ना? म्हणून आता हॅमिल्टनची गोष्ट. ती मला फार आवडते, आणि आपल्याला ती कळते तीही एका बापाने मुलाला लिहिलेल्या पत्रातून. विल्यम रोवन हॅमिल्टन हा डब्लिनचा गणितज्ञ. ऑगस्ट १८६५मध्ये, म्हणजे मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याने मुलाला, आर्चिबाल्डला, बावीस वर्षांपूर्वीची हकिकत लिहिली.

संमिश्र संख्या तू शिकली आहेस. त्या म्हणजे संख्यांच्या जोड्या, प्रतलावरचे बिंदू. त्यांचा गुणाकार करता येतो, आणि गुणाकाराची लांबी ही त्या दोघींच्या लांबींच्या गुणाकाराइतकी भरते. हॅमिल्टनला वाटलं, प्रतलावर जमतं ते त्रिमितीय अवकाशातही जमायला हवं: जोड्यांऐवजी त्रिकुटं घ्यायची आणि त्यांचा असाच नेटका गुणाकार बसवायचा. त्यात त्याची वर्षं गेली. १८४३च्या ऑक्टोबरमध्ये तो सकाळी न्याहारीला खाली आला की दोन्ही मुलं विचारायची, बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का? तो मान हलवून म्हणायचा, नाही, फक्त बेरीज-वजाबाकी जमते.

अडचण काय होती त्याची एक झलक तुला कागदावर बघता येईल. त्रिकुटाच्या लांबीचा वर्ग म्हणजे त्याच्या तिन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज. (१, १, १) या त्रिकुटाच्या लांबीचा वर्ग ३. (०, १, २) याच्या लांबीचा वर्ग ५. त्यांच्या गुणाकाराच्या लांबीचा वर्ग १५ यायला हवा, म्हणजे तीन वर्गांची बेरीज १५ व्हायला हवी. करून बघ. ९ घेतलेस तर उरतात ६, आणि ते दोन वर्गांत बसत नाहीत: ४ आणि १ कमी पडतात, ४ आणि ४ जास्त होतात. ९ न घेता तिन्ही ४ घेतलेस तरी १२च्या पुढे जात नाहीस. पूर्ण संख्यांत १५ बसतच नाही. आता चौथी जागा दे: ९ अधिक ४ अधिक १ अधिक १. लगेच बसला.

१६ ऑक्टोबर १८४३ला हॅमिल्टन बायकोबरोबर रॉयल कालव्याच्या काठाने चालला होता, आणि ब्रूम पुलापाशी त्याला हेच उमगलं. तीन नव्हे, चार हवेत. शिवाय एक किंमत मोजायला हवी: गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलणार. नव्या तीन जागांच्या एककांना त्याने आय, जे, के म्हटलं. आय गुणिले जे म्हणजे के, पण जे गुणिले आय म्हणजे उणे के. त्याने ती सूत्रं तिथल्या तिथे चाकूने पुलाच्या दगडावर कोरली. या संख्यांना त्याने क्वाटर्निअन हे नाव दिलं. आज पडद्यावरची त्रिमितीय आकृती फिरवायची असो की अंतराळयानाची दिशा सांभाळायची असो, त्यांचाच वापर होतो.

रचनाकार म्हणून या माणसाकडे काय कमी होतं? प्रतिभा होती, चिकाटी होती, आणि त्याला तीनच हवे होते. गणित त्याच्या मनाने रचलेलं असतं, तर त्याने त्रिकुटं रचून टाकली असती. पण समोरून नकार येत राहिला. तो नकार हॅमिल्टनच्या कमकुवतपणाचा नव्हता. १८७८मध्ये फ्रोबेनियस या गणितज्ञाने सिद्ध केलं की असा भागाकारासकट चालणारा गुणाकार १, २ आणि ४ याच मितींत, म्हणजे एवढ्याच जागांच्या संख्यांत, होतो, तीनमध्ये कधीच नाही. (क्रमाची अट हॅमिल्टनने सोडलीच होती, आणखी एक अट सोडली तर ८ मितींतही होतो.) आणि गंमत बघ, चार वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा चार वर्गांचीच बेरीज होतो, हे ऑयलरने १७४८मध्येच, वेगळ्याच कामासाठी, लिहून ठेवलं होतं. वेगवेगळ्या वाटांनी निघालेली दोन माणसं एकाच ठिकाणी पोहोचतात, तेव्हा ते ठिकाण आहे असं म्हणायला मी कचरत नाही.

तरीही 'गणित निसर्गात सापडतं' असं मी म्हणणार नाही. जाडी नसलेली रेषा निसर्गात कुठेही नाही. पर्गाच्या अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाने शंकूच्या छेदांचा अभ्यास केला आणि सुमारे अठराशे वर्षांनी, १६०९मध्ये, केपलरला त्यांतलंच लंबवर्तुळ मंगळाच्या कक्षेसाठी उपयोगी पडलं. हे नवल खरंच, पण इतर ग्रहांच्या ओढीमुळे मंगळाची कक्षाही अगदी काटेकोर लंबवर्तुळ नसते. शिवाय जी गणितं निसर्गाला लागू पडली त्यांचीच आपण गोष्ट सांगतो, बाकीची पुस्तकांत पडून राहतात. म्हणून या पुराव्यावर मी फार भार टाकत नाही. ६१ला निसर्गाची गरजच नाही.

तुझ्या बाजूचाही सगळ्यांत भक्कम मुद्दा सांगते, कारण तो मला खरोखर अडवतो. पूर्ण संख्या अनंत आहेत आणि रेषेवरचे बिंदूही अनंत. पण दुसरं अनंत पहिल्यापेक्षा मोठं आहे, हे कँटर या गणितज्ञाने १८७४मध्ये दाखवलं. मग या दोन्हींच्या मधल्या आकाराचं अनंत आहे का? गोडेलने १९४०मध्ये दाखवलं की 'नाही' म्हटलं तर संचांच्या प्रचलित नियमांशी विरोध येत नाही. कोहेनने १९६३मध्ये दाखवलं की 'आहे' म्हटलं तरी येत नाही. (मूळ नियम आपापसांत विसंगत नाहीत असं धरून.) म्हणजे इथे निवड माणसाची. इथे मी तुला 'ते आधीच ठरलेलं आहे' असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. इतकंच म्हणते, की त्या नियमांतून हा प्रश्न सुटत नाही, हे मात्र गोडेलने किंवा कोहेनने ठरवलेलं नाही. ते त्यांना सिद्ध करावं लागलं.

हे सगळं मी एवढ्या कळकळीने लिहिते आहे, कारण गणित कुणाचा तरी हुकूम आहे असं तुझ्या मनात बसलेलं मला चालणार नाही. हुकूम म्हटला की माणूस एक तर निमूट पाळतो नाही तर चिडतो, आणि तू सध्या चिडली आहेस. ऋण आणि धन संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८मध्ये सांगितले, ते आपण आजही वापरतो. पण त्याच ग्रंथात त्याने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असंही सांगितलं होतं, आणि ते स्वीकारलं गेलं नाही. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच येतं, मग उत्तर म्हणून एकच संख्या निवडायला आधार कुठला? माणूस तोच, ग्रंथ तोच. एक नियम राहिला, दुसरा गेला. उद्या वर्गात कुणी एखादी गोष्ट 'असंच असतं' म्हणून सांगितली तर खुशाल विचार, का असतं. आणि उत्तर मिळालं नाही तर स्वतः कागद घेऊन बस.

१२चं आणि १४चं तेच कोडं आधी सोडव, दोन्ही लगेच येतील. मग मधला १३ घे. उत्तर दोनशेच्या आत आहे, कॅल्क्युलेटर घेतलास तरी चालेल. सापडलं की फोन कर.

तुझी,
आई