दोराचे टोक

१५ फेब्रुवारी, रविवार, रात्र

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

दसऱ्यानंतर तुझी दोन पत्रे आली, एक चिडलेला फोन आला, आणि तिन्हींना मी उत्तर दिले नाही. कामाचे कारण पुढे करता आले असते, पण तू ते ऐकून घेतले नसतेस आणि ते खरेही नाही. प्रकृती बरी आहे. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो आणि रक्तदाबाची अर्धी गोळी सुरू झाली आहे, एवढेच. आज लिहायला बसलो आहे ते गेल्या गुरुवारी जे घडले त्यामुळे. घरी मी त्यातले अर्धे सांगितले आहे आणि वरिष्ठांना त्याहून कमी. तळाचे आणि तुकडीचे नाव पत्रात घालत नाही; तुला ते ठाऊक आहे आणि पोस्टमनला ठाऊक असण्याची गरज नाही.

सध्या माझ्याकडे नव्या मुलांना स्लिदरिंग शिकवण्याचे काम आहे, म्हणजे हवेत एका जागी थांबलेल्या हेलिकॉप्टरमधून दोरावरून खाली उतरायचे. तुझ्या डोळ्यांसमोर लगेच कमरेचा हार्नेस, कॅराबिनरची कडी आणि उतरताना वेग आवरणारा, घासून चपटा झालेला आपला तो धातूचा 'आठ' आला असेल, तर तो आधी बाजूला ठेव. इथे कमरेला काहीही नसते. सुमारे ४० मिलिमीटर जाडीचा विणलेला दोर दाराबाहेरच्या आडव्या दांड्याला टांगलेला असतो. तो दोन्ही हातांनी ओला टॉवेल पिळल्यासारखा धरायचा, बुटांच्या आतल्या कडांमध्ये दाबायचा आणि घसरायचे. दोर इतका जाड का, असे प्रत्येक तुकडीतला एक तरी मुलगा विचारतो. एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास २१ मीटरहून जास्त आहे आणि त्याखाली जो वारा सुटतो त्यात नागफणीच्या कड्यावरचा आपला १० मिलिमीटरचा दोर शेवग्याच्या शेंगेसारखा भिरभिरत राहिला असता. शिवाय बारीक दोर मुठीत पकडून वेग आवरता येत नाही, हे माझ्या तळव्यांनी तुला पूर्वीच दाखवले आहे.

तुला आठवतच असेल, २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी कुलाब्याच्या नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो असेच उतरताना आपण तुझ्या दुकानातल्या टीव्हीवर पाहिले होते. तू तराजूत खिळे टाकता टाकता "अरे, यांना बांधलेलेच नाही!" असे ओरडला होतास. त्या गडबडीत गिऱ्हाइकाला अर्धा किलो खिळे जास्त गेले, असे तू आजही सांगतोस. मला ते कधीच पटलेले नाही. तुझ्या हातून कोणालाही अर्धा किलो जास्त गेलेले मी पाहिलेले नाही.

पहिला आठवडा टॉवरवर जातो. आधी रिकाम्या हाताने, मग पाठीवर बोजा घेऊन, मग हेल्मेट-चष्म्यासकट. मुले टॉवरवरून चार-पाच वेळा उतरली की त्यांना वाटते, झाले, आले. प्रत्यक्ष हेलिकॉप्टरच्या दारात बसल्यावर कळते की टॉवर हलत नव्हता. आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडलेले त्याला ऐकू जात नाही. सगळे काम खांद्यावरच्या थापेवर आणि हाताच्या खुणांवर चालते. खालून धूळ, खडे, वाळलेले गवत वर येते. वैमानिकाला आपल्या पोटाखालचा दोर दिसतच नाही. तो समोरच्या एखाद्या खुणेवर, झाडावर किंवा झेंड्यावर नजर ठेवून यंत्र जागच्या जागी धरतो, आणि खाली काय चालले आहे ते त्याला दारातल्या माणसाने सांगायचे असते. गुरुवारी दारातला तो माणूस मी होतो. वायुदलाचा माणूस मागच्या बाजूला शेपटीकडे लक्ष ठेवून होता. दोर माझा होता.

मुलांना मी पहिल्या दिवशी सांगतो की हातमोजे, पकड, गुडघे हे सगळे नंतर, आधी दोराचे टोक. दोर जमिनीला नुसता टेकून भागत नाही. त्याची निदान पाच-सहा फुटांची वेटोळी जमिनीवर पडलेली दिसली पाहिजेत. कारण हेलिकॉप्टर थांबलेले असते असे आपण म्हणतो, पण ते थांबलेले कधीच नसते. वाऱ्याने ते सरकते आणि माणसे उतरतील तसे हलके होऊन वर उठू पाहते. एकेक माणूस सामानासकट ९०-१०० किलोचा धर. चार उतरले की चार क्विंटल वजन कमी झाले (तुझ्या भाषेत सांगतो आहे), आणि वैमानिकाने तेवढा जोर कमी केला नाही तर दोर विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वर चालू लागतो. वेटोळी असतात ती एवढ्यासाठी. ती संपताना दिसली की दारातल्याने पुढच्याला अडवायचे आणि वैमानिकाला 'खाली' म्हणायचे. दोरावरच्या माणसाला स्वतःला यातले काही दिसत नाही. त्याची नजर समोर असते आणि त्याचा भरवसा वर असतो.

गुरुवारी पाचवा मुलगा दोरावर होता. विदर्भातला आहे, बोलायला लाजतो, टॉवरवर सगळ्यांत चांगली पकड त्याची होती. ५५ फुटांची उतरण, शिकाऊ मुलाला सहा-सात सेकंद लागतात. तो दाराखाली गेला, मी त्याचे हेल्मेट दोन माणसांच्या उंचीइतके खाली गेलेले पाहिले, आणि मग मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर एक एस.टी. थांबली. ड्रायव्हरने बस बाजूला घेऊन बंद केली होती आणि सगळ्या खिडक्यांतून माणसे अर्धी बाहेर आली होती. एका म्हातारबुवांनी टोपी काढून आमच्याकडे हलवली. लाल बस, उन्हातली ती टोपी, आणि आमच्या वाऱ्याने रस्त्यापर्यंत आडवे झालेले गवत. मी ते पाहिले. किती वेळ, तर दोन सेकंद असतील.

परत खाली पाहिले तेव्हा वेटोळी नव्हती. दोराचे टोक जमिनीपासून वर, माझ्या अंदाजाने सात-आठ फुटांवर डोलत होते आणि मुलगा त्या टोकाशी पोचला होता. मी 'खाली, खाली' म्हणालो, वैमानिकाने ताबडतोब खाली घेतलेही, पण तेवढ्या वेळात त्याच्या बुटांखालचा दोर संपला, हातांतला संपला, आणि तो पडला. डाव्या घोट्याच्या हाडाला चीर गेली आहे. दीड महिना प्लास्टर. डॉक्टर म्हणतात, पूर्ण बरा होईल.

चौकशी लहानशी झाली, दुपारी चहाच्या आधी संपली. वाऱ्याचा झोत आला होता हे सगळ्यांनीच सांगितले, आणि आला होताच. वाऱ्याची पिशवी त्या वेळी एकदम फुगल्याचे खालच्या दोघांनी पाहिले आहे. मला एवढेच विचारले की इशारा वेळेवर दिलात ना. मी "होय" म्हणालो. दिगंबर, तो शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज गेला की मला स्वतःलाच ऐकू आला नाही. २०१८च्या जानेवारीत दिल्लीला सेनादिनाच्या सरावात ध्रुव हेलिकॉप्टरचा दोराचा दांडा निखळला आणि तीन जवान खाली आले. तो व्हिडिओ मी प्रत्येक तुकडीला दाखवतो आणि सांगतो की उड्डाणाआधी दांड्याला, कडीला, पिनेला हात लावून पाहायचा, डोळ्यांवर विसंबायचे नाही. गुरुवारी मी तिन्हींना हात लावून पाहिला होता. लोखंड सगळे ठीक होते.

खरी गोष्ट यापुढची आहे. शनिवारी त्या मुलाला भेटायला गेलो. मी दोन सफरचंदे घेऊन खाटेशी बसलो, तर तो कुबडी सावरून उठायलाच लागला, आणि म्हणाला, "सर, चूक माझी झाली, मी वेळेवर ब्रेक लावला नाही, माझे हात कच्चे आहेत." त्याचे तळवे मी पाहिले. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, मोज्यांच्या शिवणीचा लाल ठसा उमटलेला होता. शेवटच्या फुटापर्यंत त्याने दोर आवळून धरला होता. ब्रेक लावलेला होता रे. संपला तो दोर. मी त्याला "तसे नसते, बरा हो आधी" असे काहीतरी म्हणालो आणि सफरचंदे ठेवून बाहेर आलो.

बाहेर आलो तेव्हा मला तू आठवलास, आणि नागफणी उतरून कुरवंड्याहून परत येताना लोणावळ्याच्या फलाटावर तू कसा बसला होतास ते आठवले. मी कडा उतरत होतो, वरून बिले, म्हणजे मला सांभाळणारा दोर, तुझ्या हातात होता, घाटातून गाडी जात होती आणि तू तिच्याकडे पाहत होतास, ही गोष्ट मी गेली सत्तावीस वर्षे सांगतो आहे. तुझ्या लग्नात स्टेजवर चढून, तुझ्या सासऱ्यांसमोर, मी "गाडी गेली का रे?" असे विचारले होते आणि सगळे हसले होते, तूही हसला होतास. पुढच्या महिन्यात तू दोर, हार्नेस, सगळे क्लबला देऊन टाकलेस. आम्ही म्हटले, लग्न झाले, संपला. दोर सोडला आणि किलोवर दोर विकायला लागला, हा विनोदही माझाच. तू का सोडलेस ते मी कधी विचारले नाही. विचारले नाही, कारण उत्तराचा एक भाग माझ्याकडे होता.

तो आता लिहितो. त्या दिवशी मोजे माझ्या सॅकमध्ये होते. विसरलो असे मी सांगितले होते, विसरलो नव्हतो. खाली ठाण्याच्या ग्रुपमधली मंडळी बघत होती आणि मला उघड्या हातांनी, मोठमोठ्या उड्या घेत उतरायचे होते. तुझ्या दोराला ढील पडली हे खरे आहे, पण माझा वेग इतका होता की गाडीकडे न पाहणाऱ्यालाही तो दोर वेळेवर देता-घेता आला नसता. आणि मी ओरडलो होतो असे जे सांगतो ना, तेही हात भाजल्यावर ओरडलो होतो. आधी नाही. यावर आपण किती वेळा भांडलो! तू म्हणायचास, ओरडला असतास तर ऐकू आले असते, आणि मी म्हणायचो, गाडीच्या आवाजात कसे ऐकू येणार. तुझे बरोबर होते.

दोन सेकंद तुझेही होते, ते मी काढून घेत नाही. पण त्यांचा आकार काय असतो हे मला गुरुवारपर्यंत ठाऊक नव्हते, आणि तुझ्या दोन सेकंदांवर मी माझी सगळी उतरण टाकून मोकळा झालो होतो. आता तो मुलगा माझे दोन सेकंद स्वतःच्या हातांवर घेऊन खाटेवर बसला आहे. तो स्लिदरिंग सोडील, सोडला नाही तरी प्रत्येक वेळी दोर धरताना त्याला आपली पकड कच्ची वाटेल, आणि अशी शंका घेऊन दारात बसलेला माणूस खरोखरच धोक्याचा असतो. त्याची गरज लागणार आहे. २०२३च्या जुलैत इर्शाळवाडीला आम्ही पायथ्यापासून चिखल तुडवत चढलो. हेलिकॉप्टर तयार होते, पण ढग उठू देत नव्हते. ज्या दिवशी ढग उठतील त्या दिवशी दोरावर उतरायला अशीच पकड असलेला मुलगा लागतो.

म्हणून दुपारी मी दुसरा जबाब लिहून काढला आहे. एक पान झाले. त्यात वारा आहे, हलके झालेले हेलिकॉप्टर आहे आणि एस.टी. बसही आहे, टोपी मात्र गाळली, ती साहेबांना कळायची नाही. उद्या सकाळी परेडनंतर देणार आहे. बहुतेक मला दारातून काढून टॉवरवर किंवा स्टोअरमध्ये बसवतील. प्रतिनियुक्तीची अजून दोन वर्षे आहेत, ती दोर मोजण्यात जातील, म्हणजे आपण दोघे एकाच धंद्यात. सौ.ला अजून सांगितलेले नाही. साहेबांच्या आधी मुलाला सांगायचे की नंतर, एवढे मात्र मला ठरवता येत नाही. आधी सांगितले तर तो माझ्या बचावासाठी काहीतरी बोलून बसेल, अशी भीती वाटते, आणि नंतर सांगितले तर त्याला ते कोणाकडून तरी कळलेले असेल. तू असतास तर तुला कोणत्या क्रमाने ऐकायला आवडले असते, ते कळव. उद्यापर्यंत पत्र पोचणार नाही हे मला समजते, तरी कळव.

काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे तुझ्या पहिल्या पत्रात वाचले, बरे वाटले. चिमीची बारावी आता तोंडावर आली असेल, तिला माझे आशीर्वाद सांग आणि इंजिनिअरिंगचा आग्रह धरू नकोस. दुकानाच्या जागेच्या दाव्याचे काय झाले?

तुझा,
बापू

ता. क. तळव्यावर दुहेरी चामडे असलेले वेल्डिंगचे मोजे तुझ्याकडे येतात का? शिवण आतल्या बाजूला नको, ती तळव्याला रुतते. बारा जोड्या हव्या आहेत. बिल माझ्या नावावर कर, आणि या वेळी नीट मोजून दे.