उणे पाच ही संख्या परिमेयही आहे

महोदय,

आठवीत शिकणाऱ्या माझ्या नातवाची चाचणीची उत्तरपत्रिका परवा पाहिली. ‘–५ ही कोणती संख्या आहे?’ या बहुपर्यायी प्रश्नात त्याने ‘परिमेय’ या पर्यायावर खूण केली होती. त्यावर लाल फुली मारून शेजारी ‘पूर्णांक’ असे लिहिले होते. मी अनेक वर्षे गणित शिकवले आहे आणि ती फुली माझ्या मनातून जात नाही, कारण मुलाचे उत्तर बरोबर होते, प्रश्नच सदोष होता.

अंश आणि छेद दोन्ही पूर्णांक आणि छेद शून्य नाही, अशा रूपात जी संख्या लिहिता येते ती परिमेय. –५ म्हणजे –५/१ आणि शून्य म्हणजे ०/१. म्हणजेच नैसर्गिक संख्या (१, २, ३…) पूर्ण संख्यांत (०, १, २…), पूर्ण संख्या पूर्णांकांत (…–२, –१, ०, १, २…) आणि सगळे पूर्णांक परिमेय संख्यांत सामावलेले असतात. हे संच म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले कप्पे आहेत, अशी समजूत अशा प्रश्नांमुळे मुलांच्या मनात पक्की होते.

याच्या उलट गोंधळ π (पाय), म्हणजे वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराबाबत होतो. वर्तुळाच्या उदाहरणात ‘π = २२/७ घ्या’ असे छापलेले असते; त्यातला ‘घ्या’ हा शब्द मुले विसरतात आणि π ला परिमेय ठरवतात, किंवा २२/७ ला अपरिमेय, म्हणजे अशा अपूर्णांकाच्या रूपात लिहिता न येणारी. मुलांना २२ ला ७ ने प्रत्यक्ष भागायला लावावे. बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी येत जाते आणि पुन्हा १ येते. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या शक्य असल्याने ३.१४२८५७१४२८५७… हे आवर्तन अटळ आहे. π मात्र ३.१४१५९… असा, कुठेही आवर्तन न धरता चालतो. आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला, तोही ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, हा शब्द योजूनच. π अपरिमेय असल्याची सिद्धता पुढे गणितज्ञ लँबर्ट यांनी १७६१ साली दिली.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की ‘ही संख्या पुढीलपैकी कोणकोणत्या संचांत आहे?’ असे विचारावे आणि सर्व बरोबर पर्याय मान्य करावेत. नातवाच्या एका गुणासाठी हे पत्र नाही, पण ती फुली वर्गासमोर खोडली जायला हवी.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा