रीलफूट तलाव सहल : शनिवार, २४ जानेवारी

सभासदांनो, सप्रेम नमस्कार.

टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यातल्या रीलफूट तलावाची आपली सहल येत्या शनिवारी आहे. मेम्फिसहून नेहमीच्या पार्किंगमधून सकाळी ठीक ७ वाजता गाड्या सुटतील. तिथे पोहोचायला साधारण दोन तास लागतात. सगळ्यांनी आधी टिप्टनव्हिलजवळच्या स्टेट पार्कच्या व्हिजिटर सेंटरवर भेटायचे आहे.

हा तलाव १८११-१२ च्या भूकंपांत जमीन खचून तयार झाला. बुडालेल्या जंगलाचे बुंधे अजून पाण्याखाली आहेत आणि पाण्यातच उभी सायप्रसची झाडे तर डोळे भरून बघावीत अशी. हिवाळ्यात बॉल्ड ईगल गरुड इथे मोठ्या संख्येने मुक्कामाला येतात, म्हणून मुद्दाम जानेवारी निवडला.

कृपया लक्षात ठेवा :

– गरुडांच्या झाडाखाली जाऊ नका, मोठ्याने बोलू नका. दचकून उडालेला पक्षी थंडीत उगाच दमतो. दुर्बीण असेल तर आणाच.
– स्वतःची होडी आणणाऱ्यांनी बुंध्यांमुळे वेग अगदी कमी ठेवावा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना होडीत लाइफ जॅकेट कायद्यानेच सक्तीचे आहे.
– गळ टाकायचा असेल तर परवाना आधीच काढा.
– वारा बोचरा असतो. कानटोपी, हातमोजे हवेतच.

जेवणाचा डबा घरून आणा, चहा समितीकडे. परतताना ज्यांना मुलांसह युनियन सिटीचे डिस्कव्हरी पार्क हे संग्रहालय बघायचे आहे, त्यांनी तसे कळवावे.

नावे बुधवार रात्रीपर्यंत द्या.

– सहल समिती