गीझर की सोलर: सुन्यास पत्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर
18 नोव्हेंबर

प्रिय सुन्या,

उचगावच्या घराचा स्लॅब टाकून झाला, हे वाचून बरं वाटलं. बाथरूममध्ये गीझरचा पॉइंट ठेवू की गच्चीवर पाणी तापवणारं सोलर बसवू, असं विचारलंयस. दोन्ही कर. कारण सांगतोच, पण त्याआधी ‘आपल्या आज्यांचं घर विजेविना चालायचं’ या तुझ्या वाक्याचा समाचार घेतो.

वीज लागत नव्हती मर्दा, जळण लागत होतं! आमच्या परसातला तांब्याचा बंब तुला आठवत असेल. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. आजी पहाटे उठून त्यात शेणी नि ढलप्या कोंबायची. गरम पाणी काढणाऱ्यानं वरून तेवढंच गार ओतायचं, हा नियम. न ओतता पळणाऱ्याचा सगळ्या वाड्यादेखत उद्धार व्हायचा. (बहुतेक वेळा तो मान माझ्या काकाचा.) त्या जळणाला मीटर नव्हतं, म्हणून ते आपल्याला फुकट वाटतं. आजीच्या डोळ्यांतल्या धुराचं बिल कुणी काढलं नाही, एवढंच.

पाट्या-वरवंट्याचंही तेच. वर्षाची चटणी आमच्याकडे अजून डंकावरच (मिरची कांडायच्या यंत्रावर) जाते, त्यात आई तडजोड करणार नाही. पण रोजचं वाटण मिक्सरवर. 750 वॅटचा मिक्सर पाच मिनिटं फिरला तर युनिटचा सोळावा भाग जातो, रुपयातला एक आणा म्हण. एका आण्यात खांदे वाचले. यात हळहळण्यासारखं काय आहे?

मला गंमत वेगळीच वाटते. ज्याची चणचण आपण बघितलेली असते, तेच आपण जन्मभर जपतो. आजी रेशनचं रॉकेल जपायची. घरात गॅस आल्यावरही कॅन भरून ठेवायची. बाबा दिवे जपतात. त्यांच्या उमेदीत खोलीत 60 वॅटचा पिवळा बल्ब होता, त्यामुळे उठलं की बटण बंद, ही सवय हाडीमाशी भिनलीय. आज त्या जागी 9 वॅटचा एलईडी आहे. तो दहा तास विसरला तरी 90 वॅट-तास. आमची लेक 2000 वॅटचा गीझर लावून मोबाइल बघत बसते, तिथं तेवढी वीज तीन मिनिटांत जाते. बाबा मात्र जिन्यातल्या दिव्यावरून तिला बोलतात आणि गीझरच्या लाल दिव्याकडे त्यांचं लक्षही नसतं. मी मध्ये पडत नाही. दोघंही माझंच डोकं खातील.

तेव्हा तू घर बांधताना दिव्यांवर फार डोकं चालवू नकोस. जे तापवतं किंवा गार करतं, ते बघ. आणि जे तासन्‌तास चालतं, ते बघ. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घे. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, हा तिशीत भागवतो, आणि काका-काकूंकडे पंखा रात्रंदिवस फिरणार. फ्रिज कधीच बंद होत नाही, त्यामुळे तिथं स्टार बघून पैसे टाक. एसी मेपुरता लागेल, पण बिलाचे टप्पे 100, 300, 500 युनिटांचे आहेत. टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो, आणि तो एसी अलगद ओलांडायला लावतो.

आता सोलर. आठ महिने इथलं ऊन पाणी उकळत ठेवतं. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस तुला सांगायला नको. त्या दिवसांत सोलरच्या नळ्या नुसत्या धुऊन निघतात. म्हणून गीझरचा पॉइंट हवाच. छतावर वीज करायची असेल तर तेही बघ: केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण आधी पाण्याचं उरक.

एक काम मात्र गवंडी आहेत तोवरच करून घे. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते, नाहीतर पाणी आपसूक खाली उतरत नाही. टाकीचा चौथरा आत्ताच उंच बांधून घे. आणि बाथरूमपर्यंतची गरम पाण्याची लाइन जेवढी आखूड ठेवता येईल तेवढी ठेव, नाहीतर रोज सकाळी गरम येईतोवर बादलीभर गार पाणी मोरीत जाईल. प्लंबर ‘चालतंय की’ म्हणेल. त्याचं ऐकू नकोस.

काका-काकूंना नमस्कार. रविवारी साइटवर येतो, टेप आणतो.

तुझा,
विजू