ट्रबलसम ओढ्याकाठून

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी बाबा फोनवर "चालू दे तुझं" एवढंच बोलले आणि फोन आईकडे दिला. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर मी तुम्हाला मध्येच तोडते, आईचा आवाज जड झाला की हवापाण्यावर येते. म्हणून लिहायला बसले. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला दादाला सांगितलंय. (आई, मोतीबिंदू पिकायची वाट बघणं आता सोड. तो आंबा नाही.)

तीन वर्षं केंटकीतल्या कोळशाच्या डोंगरात काढायची आणि मोकळं व्हायचं, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. व्हिसाची अट तशीच होती, आणि ती जुलैत संपली. न्यू जर्सीच्या नोकरीला नाही कळवून पंधरा दिवस झाले. इथल्या कागदावर आणखी तीन वर्षांची सही केली आहे. आधी विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही "तुला वाटेल ते कर" म्हणाला असतात, आणि मग माझ्याच्यानं सही झाली नसती.

न्यू जर्सीहून मुंबईला सरळ विमान आहे, हे खरं. पण मी तिथे असते तरी यायचे वर्षातून एकदाच, आणि इथून फार तर एक-दोन थांबे जास्त. पगारात फारसा फरक नाही. घरभाडं तिथल्यापेक्षा कितीतरी कमी. दादा पुण्यात आहे. माझ्या पेशंटांपैकी निम्म्यांना दुसरा डॉक्टर गाठायचा तर घाट उतरून तास-दीड तास जावं लागतं. आणि आपल्या मिरजेत परदेशातून डॉक्टर वानलेस साहेब आले, १८९४ मध्ये दवाखाना काढला, त्यांच्या आईनेही कुठेतरी डोळे पुसलेच असतील की. आता हे सगळं वाचून पाहिलं तर वकिलाच्या नोटिशीसारखं वाटतंय. खरं कारण वेगळं आहे, आणि ते बाबांनाच कळेल.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही दहा-बाराजण गोल करून बसतो. दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक बँजो, एक गिटार. माझ्या शेजारी खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा असतात. कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं गेलेली, गायला दम पुरत नाही, म्हणून ते मॅन्डोलिन वाजवतात. चाल तीच, पुन्हा पुन्हा, वीस वेळा, पंचवीस वेळा. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, परत पहिला. कोणी एकटा पुढे येऊन कर्तब दाखवत नाही. मॅन्डोलिन फिडलच्या गळ्यात गळा घालून चालतं, कारण दोन्हीच्या तारा एकाच सुरात लावलेल्या, फक्त मॅन्डोलिनच्या जोडीनं. ज्यानं चाल सुरू केली तो एक पाय जमिनीवरून उचलतो, तेवढ्यावर सगळे एकदम थांबतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, आजोबांच्या पायात गोळा आला! उठून बघायला गेले, सगळे हसले.

बाबा, मॅन्डोलिनवाला बिल मन्रो ठाऊक आहे ना? तो इथला नाही, केंटकीच्याच पश्चिमेकडचा, पण त्याची गोष्ट आजोबांनी सांगितली. आठ भावंडांत धाकटा. थोरल्यांनी फिडल आणि गिटार आधीच धरलेले, म्हणून याच्या वाट्याला उरलं मॅन्डोलिन. त्यातही आवाज फार होऊ नये म्हणून आठातल्या चारच तारा ठेवायची परवानगी. आपल्या घरी शेंडेफळाला निदान लोण्याचा गोळा तरी मिळायचा.

माझं वाद्य मात्र डल्सिमर. मांडीवर आडवं ठेवायचं, बायकांच्या कमरेसारखा मधे आवळलेला लांबट खोका, वर बदामाच्या आकाराची छिद्रं. तारा तीन, कधी चार. जाड आणि मधली तार नुसत्या नादत राहतात, षड्ज-पंचम, आपल्या तंबोऱ्यासारख्या. पातळ तारेवर डाव्या हातातली लाकडी काडी घासत न्यायची नि उजव्या हातातल्या पिसाच्या दांडीनं छेडायचं. पडदे सातच सुरांचे, बारा नाहीतच. मग थाट बदलायचा कसा? पातळ तार तेवढी वर-खाली लावायची. एकीकडे लावली की बिलावल, जरा चढवली की आसावरी, आणखी चढवली की खमाज, आणि उतरवली की काफी. इथे ही नावं कुणाला माहीत नाहीत. मी एकटीच मनात म्हणते आणि खूश होते.

ज्या गावात बसून हे लिहिते आहे, त्या हिंडमनच्या नॉट काउंटीत एड थॉमस नावाचे कारागीर होते. १९३३ मध्ये गेले. एकट्यानं सुमारे दीड हजार डल्सिमर केली. आजही इथल्या वाद्यांच्या कारखान्यात शिरलं की अक्रोडाच्या लाकडाचा भुसा आणि सरस यांचा वास येतो, आणि मला सितारमेकर गल्लीत बाबांचं बोट धरून उभी असल्यासारखं होतं. फक्त छताला टांगलेले भोपळे नाहीत.

इथून जवळच व्हायपर म्हणून गाव आहे. जीन रिची तिथली, १९२२ चा जन्म, चौदा भावंडांत सगळ्यात धाकटी. डल्सिमर न्यूयॉर्कपर्यंत नेलं ते तिनं. तिच्या वडिलांचं डल्सिमर होतं आणि मुलांनी त्याला हात लावायचा नाही असा नियम. तिनं गुपचूप लावला, आणि सूर काढलाही. मला ही गोष्ट कळली तेव्हा आपलं गोदरेजचं कपाट आठवलं. मी खुर्चीवर स्टूल ठेवून चढले होते. बाबा, तुम्ही ओरडला नाहीत, नुसती नखी माझ्या हातात दिलीत. आणि माझ्या ॲडमिशनच्या वर्षी कपाटावरची ती जागा रिकामी झाली. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी आताही विचारत नाहीये.

मी आले त्याच महिन्यात, जुलै २०२२ मध्ये, इथला ट्रबलसम नावाचा ओढा फुगला. रात्रीतून घरं गेली, माणसं गेली. वाद्यांचा कारखानाही पाण्यात गेला. चिखलानं भरलेली वाद्यं बायका-बाप्ये ओळीनं धुवायला बसले होते. २०१९ ला कृष्णाघाटावर आई भांडी धुवत होती ती अगदी अशीच, कोणाची कोणती हे न बघता. तेव्हाच बहुतेक माझं ठरलं. कळलं उशिरा.

माझी काळजी नको. कांदा-लसूण मसाला अजून दीड डबा आहे. तूरडाळ लेक्सिंग्टनहून दोन तासांवरून आणते, एकदम दहा किलो. इथली माणसं शिजवलेला घेवडा आणि मक्याची भाकरी खातात, वर कच्चा कांदा. आई, तुला परकं वाटणार नाही. घर गरम आहे, बर्फाचे बूट घेतले आहेत, शेजारच्या आजी रोज सकाळी माझ्या गाडीची काच खरवडून ठेवतात. आणि दादाला सांग, या डोंगरपट्ट्याला ॲपलेशिया म्हणू नकोस. इथले ॲपलॅचा म्हणतात, नाहीतर लगेच ओळखतात की हा बाहेरचा.

आता डॉक्टर म्हणून. बाबा, तीन महिन्यांची साखर तपासून रिपोर्टचा फोटो शनिवारच्या आत. फक्त उपाशीपोटीचा आकडा मला दाखवू नका, मी फसत नाही. रात्री झोपताना तळपाय आरशात बघायचे, जखम वाटली तर हळद लावून गप्प बसायचं नाही. बाथरूमला दांडा बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका, पैसे दिले आहेत. माळ्यावर चढायचं नाही, कोणीही. आई, पोळ्यांच्या मावशींच्या मागे उभी राहून पोळ्या मोजू नकोस, त्या सोडून गेल्या तर मी इथून लाटू शकत नाही. रागावून लिहीत नाहीये. लांब असलं की आवाज आपोआप चढतो.

डिसेंबरच्या बारा तारखेला येते, तीन आठवडे. त्यातच आईचं एका डोळ्याचं करून घेऊ, तारीख मी बोलून ठेवली आहे. डल्सिमर विमानात वर ठेवता येतं, आणणार आहे.

बाबा, येताना मॅन्डोलिनच्या तारा आणायच्या का, आणि आणल्या तर हलक्या की मध्यम, ते कळवा. घरात वाद्य नाही हे मला माहीत आहे. तरी कळवा.

तुमची,
चिमू