बाबांचे अंडे आणि आमचा रविवारचा ब्रंच

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, सायंकाळ

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, अकरा वाजता अंडी खाण्यासाठी माणशी हजारावर रुपये मोजणारी माणसे आपल्या घरात निघाली कशी, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत आणि उत्तर ऐकून न घेताच फोन आईच्या हाती दिलात. असल्या प्रश्नाचे उत्तर फोनवर नीट देताही येत नाही, कारण तुम्ही मध्येच ‘बरं, बरं’ म्हणता आणि विषय पावसावर जातो. म्हणून हे पत्र. दुसरे असे की, डॉक्टरांनी तुम्हाला रोज एक अंडे खाण्यास सांगितले आहे आणि ते करायचे कोणी यावर अंबाजोगाईच्या घरात अजून निकाल लागलेला नाही, हे आईकडून समजले. ब्रंचला जाऊन मी जे काही पाहिले त्याचा उपयोग या दुसऱ्या प्रश्नाला होण्यासारखा आहे, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच लिहीत आहे.

आधी ब्रंचविषयी. सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण यांच्या मधल्या वेळी, साधारण अकरापासून तीनपर्यंत, सावकाश चालणारे हे एकच खाणे असते. कल्पना इंग्लंडमधली आहे. गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने १८९५ साली तिथल्या एका नियतकालिकात तिची वकिली केली होती. रविवारी चर्चमधून आल्यावर लगेच जड मांसाहारी जेवणाला बसण्यापेक्षा दुपारच्या सुमारास चहा-कॉफी आणि मार्मालेडपासून सुरुवात करावी आणि मग हळूहळू भारी पदार्थांकडे वळावे, म्हणजे शनिवारी रात्री जागलेल्या मंडळींना सकाळी लवकर उठण्याचीही गरज राहणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. आमच्या घरी शनिवारी रात्री कोणी जागत नाही. पण आठवड्यातले सहा दिवस हे वाळूजच्या कारखान्याच्या पाळीप्रमाणे, मी कार्यालयाच्या वेळेप्रमाणे आणि तुमचा नातू शाळेच्या बसप्रमाणे जेवतो, आणि तिघे एका वेळी ताटावर बसलो आहोत असे क्वचितच घडते. जालना रोडवरच्या त्या हॉटेलात दोन-अडीच तास कोणी उठा म्हणत नाही, आणि ते पैसे मुख्यतः या बसण्याचे आहेत, हे मला मान्य आहे.

‘ही तर आपली शेतातली न्याहारीच’ असे तुम्ही म्हणालात, ते मात्र मला पटले नाही. पहाटेपासून औत धरलेल्या माणसाला दहा-साडेदहाला बांधावर भाकरी आणि ठेचा येत असे, तो पुढच्या कामासाठी. आणि ती भाकरी डोक्यावर घेऊन येणारी बाई स्वतः केव्हा जेवली, हे कोणी विचारत नसे. ब्रंचला येणाऱ्या माणसाने सकाळपासून काहीही केलेले नसते आणि दुपारीही तो काही करणार नसतो. त्याला आळशीपणा म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे, त्यावर माझी हरकत नाही.

तिथल्या खाण्याचे म्हणाल तर सगळेच चांगले नसते. पोहे आणि उपमा मोठ्या भांड्यांत तासन्‌तास कोमट ठेवलेले असतात आणि त्यांच्याकडे पाहवत नाही. आई चुरमुऱ्यांची जी सुशीला दहा मिनिटांत करते तिच्यापुढे ते उभेही राहणार नाहीत. अंड्यांचा ओटा मात्र पाहण्यासारखा असतो. आचारी समोर उभा राहून ज्याला जसे हवे तसे करून देतो. कोणाला आम्लेट, कोणाला हाफ फ्राय, कोणाला कवच फोडून गरम पाण्यात अलगद सोडलेले आणि पांढरे तेवढे घट्ट झालेले पोच्ड अंडे. एग्ज बेनेडिक्ट नावाचा एक अमेरिकन पदार्थ असतो, त्यात अशी पोच केलेली अंडी पावावर ठेवून वरून अंड्याचा बलक, लोणी आणि लिंबाचा रस मंद आचेवर घोटून केलेला सॉस घालतात. तो सॉस जरा आच वाढली की फाटतो, म्हणून तीन माणसांसाठी घरी करण्यात अर्थ नाही. तो तिथेच खावा. उलट आम्लेट आणि बुर्जी यांसाठी तिथे रांगेत उभे राहणाऱ्यांचे मला नवल वाटते, कारण हे दोन्ही पदार्थ तव्यावरून ताटात येईपर्यंतच चांगले असतात आणि ते अंतर घरच्या स्वयंपाकघरात सर्वांत कमी असते.

त्या आचाऱ्याकडे मी बराच वेळ पाहत उभी राहिले. आपल्याकडे आम्लेट म्हटले की तेल धुरावते, अंडे पडताच चर्र होते, कडा तपकिरी जाळीदार होतात आणि ती जाळी म्हणजेच चव असे आपण मानतो. बसस्थानकासमोरच्या गाड्यावर, तुम्ही आईला न सांगता खात होता त्या आम्लेटला ती शोभतही असे. हा आचारी मात्र अंडे पडण्याआधीच आच कमी करत होता आणि ते पुरते कोरडे होण्याआधी पॅन खाली घेत होता. कारण साधे आहे. अंड्यातले पांढरे ६२ अंश सेल्सियसच्या आसपास आळू लागते, बलक त्याहून थोड्या जास्त उष्णतेला आळतो आणि ७० अंशांच्या सुमारास घट्ट होतो. म्हणजे पाणी उकळण्याच्या कितीतरी आधीच अंडे शिजलेले असते. त्यापुढची उष्णता त्यातले पाणी पिळून काढते, आणि मग बुर्जी एकीकडे चिवट होते व दुसरीकडे ताटात पाणी सोडते. बाबा, कवळी बसवल्यापासून तुम्हाला आम्लेट चावत नाही अशी तुमची तक्रार आहे. त्यात दोष कवळीचा कमी आणि आचेचा अधिक आहे.

आता मूळ प्रश्न, की अंडे करायचे कोणी. आईने जन्मात अंड्याला हात लावलेला नाही आणि या वयात तिने तो लावावा असे मला मुळीच वाटत नाही. तिच्या ओट्यावर अंडे चढू नये, हा तिचा नियम तिच्या घरात चाललाच पाहिजे. म्हणून माझी सूचना अशी आहे की, मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्यासाठी ठेवलेली एका बर्नरची शेगडी सकाळी रिकामी झाली की तुमची. तिथे एक लहान पॅन, एक वाडगा, एक लाकडी उलथणे आणि एक पातेले एवढी भांडी वेगळी ठेवावीत, ती तुम्ही स्वतः घासावीत आणि अंडे तुम्ही स्वतः करावे. चहाखेरीज तुम्ही आजवर चुलीवर काही चढवलेले नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे तालुक्याच्या कचेरीत जमाबंदीचे हिशेब एका पैशाची चूक न होता जुळवले, त्याला एक अंडे उकडता येणार नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. आई, तुला एकच विनंती: तू पडवीत जाऊन उभी राहू नकोस. तू उभी राहिलीस की दोन दिवसांत उलथणे तुझ्याच हाती येईल. गुरुवार, एकादशी आणि श्रावण यांचे काय, हे तुम्ही दोघांनी ठरवावे. त्या दिवशी दूध, दही आणि डाळ थोडी वाढवावी, मी मध्ये पडत नाही.

सुरुवात उकडलेल्या अंड्यापासून करावी. पाणी आधी उकळू द्यावे, मग चमच्यात धरून अंडे हलकेच आत सोडावे आणि आच मध्यम करून घड्याळात अकरा मिनिटे मोजावीत. अंडे थंड पाण्यात ठेवून आपण गरम करत नेले तर कवच चिकटून बसते. उकळत्या पाण्यात सोडले तर सहसा सुटून येते. बाहेर काढताच ते माठातल्या पाण्यात टाकावे. जास्त उकडले तर बलकाभोवती हिरवट-करडे कडे दिसते. पांढऱ्यातले गंधक आणि बलकातले लोह एकत्र येऊन ते तयार होते. ते पाहून अंडे फेकू नये, त्याने काही अपाय होत नाही. अगदी ताज्या अंड्याचे कवच नीट सोलत नाही, आठवडाभर जुन्याचे चांगले सोलते. म्हणून परसातल्या कोंबडीचे अंडे कोणी आणून दिले तर ते बुर्जीला घ्यावे आणि दुकानातले उकडावे. दुकानातली अंडी आपल्याकडे बहुधा लांबचा प्रवास करूनच येतात. राज्यात रोज सुमारे एक कोटी अंड्यांची तूट आहे आणि ती कर्नाटक, तेलंगणा व तमिळनाडूतून भरून काढावी लागते, असे पशुसंवर्धन विभागाने २०२३ च्या सुरुवातीला सांगितले होते. तेव्हा अंडे पाण्याने भरलेल्या पेल्यात सोडून पाहावे: तळाशी आडवे बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने पण खाण्याजोगे, तरंगले तर घेऊ नये. कवचाच्या बारीक छिद्रांतून ओल बाहेर जाते आणि हवा आत येते, म्हणून जुने अंडे हलके होते.

बुर्जी जमली की मग तुम्हाला उकडलेले अंडे आवडणार नाही. अर्धा कांदा बारीक चिरून चमचाभर तेलात मऊ होऊ द्यावा. त्यात चिमूटभर हळद, थोडा टोमॅटो आणि तुम्हाला सोसेल एवढीच हिरवी मिरची घालावी. मीठ घातलेले अंडे वाडग्यात चांगले फेटून ठेवावे. आता आच अगदी कमी करावी, अंडे ओतावे आणि उलथणे तळापर्यंत नेत सावकाश फिरवत राहावे. दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही असे वाटेल, त्या वेळी आच वाढवण्याचा मोह होतो, तो आवरावा. मऊ गोळे दिसू लागले आणि वाहते काही उरले नाही, की कोथिंबीर घालून लगेच उतरावी. ओलसर राहिलेली चालेल, पातळ राहिलेली चालणार नाही, कारण कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि तुमच्या वयात त्यांचा त्रास तरुण माणसापेक्षा जास्त होतो. याच कारणाने हाफ फ्राय आणि तो बेनेडिक्टचा सॉस तुम्हाला वर्ज्य समजावा. अंडे फोडल्यावर हात साबणाने धुवावेत. ज्वारीची ताजी भाकरी कुस्करून तिच्यावर ही बुर्जी घ्यावी. पाव लागत नाही.

रविवारी आमच्याकडे आणखी एक प्रकार होतो, तो आईने वाचला नाही तर बरे. हॉटेलात शक्षुका नावाचा उत्तर आफ्रिकेकडचा पदार्थ असतो, त्यात टोमॅटोच्या दाट, मसालेदार रश्श्यात अंडी फोडून सोडतात आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवतात. तो खाताना मला सारखी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पुडीची, आमटी आठवत होती. म्हणून घरी आल्यावर मी तूच पाठवलेले येसर पाण्यात कालवून फोडणीस घातले, आमटी नेहमीपेक्षा दाट ठेवली आणि तिच्यात अंडी सोडली. भाजलेल्या धान्याचा तो खमंगपणा अंड्याला टोमॅटोपेक्षा जास्त मानवतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तुझे जावई तर त्या दिवसापासून हॉटेलातल्या शक्षुकाकडे वळूनही पाहत नाहीत. तुझे येसर अशा कामी लागल्याबद्दल रागावू नयेस.

शेजारचे काका बलक टाकून द्यायला सांगतात, त्यांचे ऐकू नये. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांतली जवळजवळ निम्मी बलकात असतात. ज्या बी-१२ जीवनसत्त्वासाठी डॉक्टरांनी अंडे सांगितले तेही मुख्यतः बलकातच असते. कोलेस्टेरॉल बलकात असते हे खरे आहे, एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम. पण दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा अमेरिकेतल्या आहार-मार्गदर्शनात पूर्वी असे, ती २०१५ च्या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आली. तरीही तुमची साखर पाहून डॉक्टरांनी एकच अंडे सांगितले आहे, तेव्हा एकच खावे. बुर्जी जमली म्हणून दोन करू नयेत.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे अंडी फ्रिजमध्येच ठेवावीत. आईच्या फ्रिजमध्ये त्यांना जागा मिळणार नसेल तर एका वेळी चारच आणावीत. ट्रे स्वस्त पडतो म्हणून तीस उचलू नयेत. आणून लगेच धुऊही नयेत, कारण कवचावर एक नैसर्गिक थर असतो आणि धुतल्याने तो जातो.

दिवाळीनंतर तुम्ही दोघे इकडे याल तेव्हा एका रविवारी ब्रंचला जायचेच आहे, आणि बिल कोण देणार यावर टेबलापाशी वाद घालायचा नाही. आई, मी चौकशी करून ठेवली आहे: शाकाहारी पदार्थांची मांडणी वेगळ्या बाजूला असते, डोसा समोर घालून देतात, फळे भरपूर असतात आणि तुझ्यासाठी पळ्या व ताटे वेगळी मागता येतात. तुला त्यातले काय आवडेल ते मला सांगता येणार नाही. पण अडीच तास तुला कोणी काही वाढायला सांगणार नाही, एवढे मी खात्रीने सांगते. बाबांनी तिथे आम्लेटच्या रांगेत उभे राहू नये. ते तोवर घरी त्याहून चांगले करू लागलेले असतील.

पॅन तिकडे घेऊ नये. लहान, जाड बुडाचा एक मी पाहून ठेवला आहे, तो उलथण्यासह या आठवड्यात एसटीच्या पार्सलने पाठवते. मिळाला की कळवावे, आणि पहिली बुर्जी कशी झाली ते आईने नव्हे, बाबांनी स्वतः फोन करून सांगावे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची लेक